रानफुलांची मोजणी: चौकट कुठून आली?

माळावर कोणते फूल किती, याचे उत्तर वनस्पतिशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात बहुतेक नजरेनेच देत. ‘विपुल’, ‘तुरळक’, ‘दुर्मिळ’ असे शेरे पुरत. डार्विनने 3 फूट लांब, 2 फूट रुंद तुकड्यात उगवलेली 357 रोपे मोजली होती आणि त्यांतली 295 मेल्याचे नोंदवले होते. पण त्याचा प्रश्न जगण्याच्या झगड्याचा होता, माळाच्या गणतीचा नव्हता.

ती गणती अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशात आकाराला आली. वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स बेसींचे दोन विद्यार्थी, रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स, यांनी 5 मीटर बाजूचे चौरस आखून त्यांतली झाडे एकेक करून मोजली आणि 1898 मध्ये ही पद्धत मांडली. अनुभवी नजरेचे अंदाजही मोजणीपुढे टिकत नाहीत, हे त्यांना दिसले. उंच, भडक फूल डोळ्यांत भरते आणि त्याच्या पायाशी दाटलेले बारीक रोप निसटते. माझ्या मते या शास्त्राचा खरा पाया आकड्यांवरचा विश्वास नव्हे, तर स्वतःच्या डोळ्यांवरचा अविश्वास आहे. क्लेमेंट्स यांच्या 1905 च्या ग्रंथाने ‘क्वाड्रॅट’ ही चौकट, म्हणजे मोजणीसाठी जमिनीवर आखायचा किंवा ठेवायचा चौरस, सर्वत्र नेली.

चौकट कुठे ठेवायची, हा प्रश्न उरलाच. आपण ठरवली तर पाय फुलांकडेच वळतात. पाठमोरे उभे राहून ती फेकली तरी निवड खरी यादृच्छिक, म्हणजे प्रत्येक जागेला सारखीच संधी देणारी, होत नाही, कारण हात ठरावीक अंतरावरच फेकतो. 1927 मध्ये संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांची यादृच्छिक अंकांची कोष्टके छापून आली. त्यांतले अंक घेऊन माळावरचा बिंदू ठरवता येऊ लागला.

युरोपात वनस्पतिशास्त्रज्ञ ब्राउन-ब्लांके यांनी रोपे मोजण्याऐवजी रोपांनी झाकलेली जमीन अजमावली. त्यांच्या श्रेणीत 5 म्हणजे तीन चतुर्थांशाहून अधिक आच्छादन. एकाच मुळातून पसरणाऱ्या गवतात ‘एक रोप’ म्हणजे काय हेच ठरत नाही, तिथे हा मार्ग सरस. मुंबईचे वनस्पतिशास्त्रज्ञ फरेदून भरुचा फ्रान्समधल्या माँपेलिए इथे त्यांच्याच हाताखाली शिकले आणि पुढे त्यांनी मुंबईत हा विषय शिकवला.

कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, हा पेच आजही तसाच आहे. गेंद आणि सीतेची आसवे इतकी दाट उगवतात की चौरस मीटरभर मोजणे अशक्यप्राय होते. तिथे चौकट लहान करावी लागते किंवा आच्छादनाकडे वळावे लागते. शिवाय सडा आठवड्या-आठवड्याने रंग बदलतो, म्हणून नोंदीत तारीख नसेल तर आकडा निरुपयोगी ठरतो.