परदेशातल्या शाळेत इंग्रजी शिकवायचंय? गोव्यातल्या शिक्षकांसाठी पात्रता आणि कागदपत्रं

बीएड झालं, खासगी शाळेत दोन-तीन वर्षं शिकवून झालं, आता परदेशात प्रयत्न करावा म्हणणारे शिक्षक फोंडा, डिचोली, पेडणे भागांत बरेच भेटतात. बहुतेकांच्या मनात एकच धास्ती असते: माझी प्राथमिक शाळा मराठी माध्यमाची, मला इंग्रजी शिकवायला कोण घेणार? घेतात. फक्त देश विचारपूर्वक निवडावा लागतो.

जपानचंच बघा. तिथे परदेशी भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी त्या भाषेतून किमान १२ वर्षांचं शिक्षण झालेलं असावं लागतं. गोव्यात चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यम, ही सर्रास वाट. पाचवी ते बारावी आठ वर्षं, बीए तीन, बीएड दोन, म्हणजे तेरा झाली. पण ही बेरीज कागदावर दिसायला हवी. म्हणून शाळा, उच्च माध्यमिक आणि कॉलेज अशा तिन्ही ठिकाणांहून माध्यमाचा दाखला लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह घ्या. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माध्यम लिहिलेलं असेलच असं नाही.

दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे आणि त्यांत भारत नाही. २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया करारात सहायक शिक्षकांसाठी वेगळी तरतूद आहे, पण इंग्रजी विषयाची पदवी आणि शिक्षकाची अर्हता दोन्ही लागतात. थायलंडमध्ये पदवी तर लागतेच, शिवाय बऱ्याच शाळा टोईक या इंग्रजीच्या चाचणी परीक्षेत किमान ६०० गुण मागतात. आखातातल्या शाळांना पदवी, बीएड आणि वर्गातला अनुभव हवा असतो. आपल्या बीएडवाल्यांना सगळ्यांत जवळची वाट हीच, असं माझं मत आहे.

टेफलचा, म्हणजे परकीय भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा, १२० तासांचा ऑनलाइन कोर्स स्वस्त पडतो, पण त्यात विद्यार्थ्यांसमोर उभं राहावं लागतंच असं नाही. सेल्टा या केंब्रिजच्या इंग्रजी-शिक्षक प्रमाणपत्रात सहा तास प्रत्यक्ष शिकवावं लागतं आणि त्याचं मूल्यमापन होतं. पैसे घालायचेच तर तिथे घाला.

आता नावाचा घोळ. गोव्यात तो फार छळतो. पासपोर्टवर नाईक आडनावाचं स्पेलिंग शेवटी 'के' लावून, आणि जन्मदाखल्यावर वडिलांचं तेच आडनाव जुन्या पोर्तुगीज वळणाने 'क्यू-यू-ई' लावून. आपण वाचताना अडखळत नाही, परदेशातला अधिकारी मात्र दोन वेगळी माणसं समजतो. अर्ज करण्याआधी जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पदवी आणि पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. फरक असेल तर नागरी निबंधकांकडे किंवा मंडळाकडे दुरुस्ती करून घ्या. यात महिने जातात, तेव्हा सुरुवात इथूनच करा.

मग साक्षांकन, म्हणजे कागद खरा असल्याची सरकारी खातरजमा. पदवीवर आधी राज्य सरकारच्या खात्याचा शिक्का लागतो, नंतर परराष्ट्र मंत्रालयाचा. ओमान आणि बहरीनला ॲपॉस्टील चालतं, म्हणजे मंत्रालयाचा असा शिक्का, जो एका आंतरराष्ट्रीय करारातले देश एकमेकांचा मानतात. भारत त्या करारात २००५ पासून आहे आणि सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये आहे. यूएई आणि कतारसाठी मात्र पुढे त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का घ्यावा लागतो. मंत्रालय कागद थेट घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच घेतं.

पोलीस क्लिअरन्ससाठी, म्हणजे गुन्हा नोंद नसल्याच्या दाखल्यासाठी, पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज करायचा, शुल्क ५०० रुपये. हा दाखला फार आधी काढून ठेवू नका, शाळांना तो ताजा लागतो.

एजंटाकडे जाणार असाल तर त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट या केंद्र सरकारच्या पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. लाखाची गोष्ट करणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. 'आधी टुरिस्ट व्हिसावर जा, मग बघू' म्हणणाऱ्यालाही तसाच. पर्यटक म्हणून शिरून वर्गात शिकवणं हा तिथे गुन्हा ठरतो आणि पकडला जातो तो शिक्षक.

करारात पगार, राहण्याची सोय, परतीचं तिकीट आणि नोटीसचा काळ लिहिलेला आहे का ते सही करण्याआधी वाचा. मूळ पदवी आणि पासपोर्ट दाखवायचे, पण कोणाच्या ताब्यात ठेवायचे नाहीत, मग तो एजंट असो की शाळा.