व्यापारी घराण्यांचे विद्यादान (ग्रामीण विदर्भ)

कापड, किराणा, भुसार, सराफी किंवा आडतीचा धंदा करणाऱ्या कुटुंबाने आपल्या गावच्या अगर तालुक्याच्या महाविद्यालयाला पिढ्यान्‌पिढ्या जमीन, पैसा आणि वेळ देत राहण्याची विदर्भातील रीत. खामगावापासून गोंदियापर्यंतच्या अनेक बाजारगावांत तिच्या खुणा दिसतात. महाविद्यालयाच्या नावात एखाद्या शेठजींचे किंवा त्यांच्या घरातल्या स्त्रीचे नाव असते, दर्शनी भिंतीत कोनशिला असते, प्राचार्यांच्या दालनात हार घातलेले तैलचित्र असते. या रीतीविषयी जे लिहिले जाते ते बहुधा पहिल्या मोठ्या देणगीपाशी थांबते. महाविद्यालय तगते ते मात्र त्याच घरातून पुढे पन्नास-साठ वर्षे येत राहिलेल्या लहान लहान रकमांवर, आणि त्या रकमा दगडावर कोरलेल्या नसतात.

रीतीचे मूळ कापसाच्या बाजारात आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. मारवाड, शेखावाटी, गुजरात आणि कच्छ या भागांतून आलेल्या व्यापाऱ्यांनी रेल्वेच्या आणि बाजाराच्या गावांत पेढ्या मांडल्या. कोणी कापूस घेतला, कोणी सरकी काढायचे जिनिंग टाकले, बहुतेकांनी कापडाचे नाहीतर किराण्याचे दुकान लावले. दोन पिढ्यांत घरात मारवाडी किंवा गुजराती आणि गल्ल्यावर वऱ्हाडी अशी बोलीची वाटणी होऊन गेली. कारंजा लाड येथे १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. त्याच कारंज्यात आज किसनलाल नथमल गोयनका महाविद्यालय आहे.

धर्मादा खाते. जुन्या पेढीची वही लाल कापडी बांधणीची, लांबट, मधोमध दोरा ओवलेली असे. लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडायची, पहिल्या पानावर ‘श्री’ची उतरंड काढायची, कुंकू वाहायचे आणि मग खाती मांडायची. त्यांत देणेकरी, घेणेकरी आणि घरखर्च यांच्याबरोबर ‘धर्मादा’ हेही एक खाते असे. बाजारात आलेल्या बैलबंडीमागे किंवा सौद्यामागे ठरलेली बारीकशी रक्कम या खात्यात जमा व्हायची आणि तिच्यातून गोशाळा, धर्मशाळा, पाणपोई, मंदिर यांचा खर्च निघायचा. पुढे शाळा आणि वसतिगृहे त्याच खात्यावर आली. देणे हा वर्षाच्या शेवटी उरलेल्या नफ्याचा प्रश्न नव्हता, धंद्याच्या हिशेबातच त्याला पान होते. एका घरात ही सवय तीन-तीन पिढ्या कशी टिकली, याचे उत्तर बरेचसे या पानात सापडते.

याच ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. धर्मादा पुष्कळदा शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबातून, कापला जाई. हमाली, तोलाई, दलाली यांच्या ओळीत तीही एक कपात असे. शेतकऱ्याला ती नाकारता येत नव्हती आणि तिचा हिशेब त्याला कोणी दाखवत नव्हते. पुढे बाजार समित्यांच्या कायद्यांनी अशा मनमानी कपातींना आळा घातला. म्हणजे जुन्या देणग्यांत कापूस पिकवणाऱ्याचाही वाटा होता, मात्र कोनशिलेवर त्याचे नाव आले नाही. दात्यांच्या औदार्याचा मान राखूनही हे सांगितलेच पाहिजे. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली ती शेतकरी समाजाच्या बळावर. तो दुसरा प्रवाह इथे ध्यानात ठेवला म्हणजे विदर्भातल्या शिक्षणाचे चित्र पुरे होते. पुष्कळ तालुक्यांत दोन्ही प्रवाहांची महाविद्यालये आज एकाच रस्त्यावर उभी आहेत.

उच्च शिक्षणाची सोय आधी नागपुरात झाली. हिस्लॉप कॉलेज १८८३ चे, मॉरिस कॉलेज १८८५ चे. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे आजचे विदर्भ महाविद्यालय, १९२३ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. खेड्यातल्या मुलाला शिकायचे तर या दोन शहरांत खोली घेऊन राहावे लागे, मुलीचा तर प्रश्नच मिटायचा. म्हणून स्वातंत्र्याच्या आगेमागे तालुक्या-तालुक्याला महाविद्यालय निघू लागले, तेव्हा गावातल्या वकील-डॉक्टर-शिक्षकांची संस्था आणि व्यापाऱ्याची देणगी अशी जोडी जमली. संस्था अर्ज करायची, जागा आणि इमारतीचा पैसा पेढीवरून यायचा.

नावे. या रीतीचा सर्वांत उघड पुरावा नावांत आहे. अकोल्यात बेरार जनरल एज्युकेशन सोसायटीची सीताबाई कला महाविद्यालय, राधाकिसन लक्ष्मीनारायण तोष्णीवाल विज्ञान महाविद्यालय आणि लक्ष्मीबाई राधाकिसन तोष्णीवाल वाणिज्य महाविद्यालय अशी तीन महाविद्यालये आहेत. विद्यार्थी त्यांतल्या दोहोंना ‘आर.एल.टी.’ आणि ‘एल.आर.टी.’ म्हणतात. त्यांतल्या कितीजणांना अक्षरांमागचे नाव माहीत असते, कोण जाणे. शेगावात सेठ जी. बी. मुरारका महाविद्यालय आहे, कामठीत सेठ केसरीमल पोरवाल, अमरावतीत केशरबाई लाहोटी. वाशिमच्या ‘आर.ए.’ महाविद्यालयाचे नाव राजस्थान आर्यन असे आहे, तिथे व्यक्तीऐवजी समाज नावात आला. तुमसर ही धानाची बाजारपेठ. तिथल्या महाविद्यालयाचे पूर्ण नाव वाचले की दोन दाने एकापुढे एक मांडलेली दिसतात : सेठ नरसिंगदास मोर कला व वाणिज्य, आणि श्रीमती गोदावरीदेवी सराफ विज्ञान महाविद्यालय. गावात त्याला ‘एस.एन. मोर’ एवढेच म्हणतात.

सीताबाई, लक्ष्मीबाई, केशरबाई, गोदावरीदेवी, अकोल्याच्या महिला महाविद्यालयाच्या राधादेवी गोयनका : स्त्रियांची नावे किती आहेत, हे मुद्दाम मोजावे. ज्या पिढीतल्या व्यापारी घरांच्या सुनांना कॉलेजचा उंबरठा ओलांडता आला नाही, त्या पिढीची नावे आज हजारो मुलींच्या पदवीपत्रांवर आहेत. या नोंदीतली ही सर्वांत हृद्य बाजू आहे.

वर्धा आणि गोंदिया. पिढ्यांची साखळी सर्वांत ठळक दिसते ती वर्ध्यात. शेखावाटीतल्या काशी का बास येथे १८८९ मध्ये जन्मलेले जमनालाल बजाज वर्ध्याच्या बच्छराज शेठजींच्या घरात दत्तक आले. तिथली पेढी सांभाळतानाच त्यांनी १९१४ मध्ये शिक्षा मंडळ या शिक्षणसंस्थेचे काम उभे केले. १९४० मध्ये मंडळाने वर्ध्यात वाणिज्य महाविद्यालय काढले. त्याला नाव मिळाले गोविंदराम सेकसरिया यांचे. सेकसरिया हे मुंबईच्या कापूस बाजारातले बडे नाव. ते विदर्भातले दुकानदार नव्हते, पण वर्धा, नागपूर आणि खामगाव या तिन्ही ठिकाणची ‘जी.एस.’ महाविद्यालये त्यांच्याच नावाची आहेत. वर्ध्याच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद जमनालालजींचे जावई श्रीमन्नारायण यांनी सांभाळले. जमनालालजी १९४२ मध्ये गेले, तरी साखळी तुटली नाही. १९६२ मध्ये विज्ञान महाविद्यालय निघाले ते त्यांच्या पत्नी जानकीदेवींच्या नावाने, त्यांच्या हयातीत. पुढे पिपरीला श्रीमन्नारायणांच्या नावाचे तंत्रनिकेतन आणि रामकृष्ण बजाज यांच्या नावाचे कृषी महाविद्यालय झाले, २०१७ मध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले. एका पेढीच्या घरातले पती, पत्नी, जावई, मुलगा असे सगळे एकाच जिल्ह्याच्या शिक्षणात नावाने भेटतात, असे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

पूर्व विदर्भात असे काम मनोहरभाई पटेल (१९०६–१९७०) यांचे. विडीच्या धंद्यातले हे गुजराती कुटुंब. धान, जंगल आणि तेंदूपत्त्याच्या या पट्ट्यात महाविद्यालय म्हणजे फार दूरची गोष्ट होती. १९५८ मध्ये त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली आणि तिच्यामार्फत गोंदियासह तुमसर, साकोली, देवरी अशा ठिकाणी महाविद्यालये गेली. मुलगा प्रफुल्ल पटेल आणि त्यांचे कुटुंब आजही संस्थेशी बांधलेले आहे. ९ फेब्रुवारी या मनोहरभाईंच्या जयंतीला गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके दिली जातात.

यांच्याशेजारी एकरकमी दानही ठेवून पाहावे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण मँगेनीजच्या खाणींतून श्रीमंत झाले. १९३० मध्ये ते वारले तेव्हा मृत्युपत्राने त्यांनी नागपूर विद्यापीठाला मोठी संपत्ती ठेवली आणि तिच्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली. दान थोरच, पण ते एकदाच झाले. पुढची देखभाल विद्यापीठाकडे आणि सरकारकडे गेली. तालुक्याच्या महाविद्यालयाला असा पाठीराखा नसतो.

पिढ्यांचे काम. साधारण क्रम असा दिसतो. पहिली पिढी जागा आणि इमारत देते. दुसरी पिढी संस्थेत कोषाध्यक्ष किंवा सचिव होते, आणि अनुदान उशिरा आले की पगाराची सोय पेढीवरून करते. तिसरी पिढी संगणक कक्ष, पाण्याची टाकी, मुलींचे प्रसाधनगृह, ग्रंथालयाची कपाटे अशा गोष्टी देते. शासनाच्या अनुदानात मुख्य भाग पगाराचा. छप्पर गळले, प्रयोगशाळेत काचसामान नाही, महाविद्यालयाचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून रंग द्यायचा आहे, या खर्चाला तिथे जागा फारशी नाही. म्हणून गळके छप्पर दुरुस्त करून देणारी तिसरी पिढी मला कोनशिलेच्या पहिल्या पिढीइतकीच मोठी वाटते.

दुकान आणि महाविद्यालय यांचे वर्ष एकमेकांत कसे अडकलेले आहे, ते जुलैत पाहावे. प्रवेश जून-जुलैत. त्याच वेळी शेतकऱ्याचा हात पूर्ण रिकामा असतो, कारण होते-नव्हते ते बियाण्यात आणि खतात गेलेले. पाऊस लांबला तर दुबार पेरणी. कापसाचा पहिला पैसा दसरा-दिवाळीला दिसणार. फी मात्र आत्ता भरायची आहे. अशा वेळी बाप मुलीला घेऊन नेहमीच्या कापड दुकानात येतो, लग्नाचा बस्ता जिथे बांधला त्याच दुकानात. शेठजी गादीवरून उठत नाहीत, दिवाणजींना खूण करतात. चिठ्ठी लिहिली जाते, ती घेऊन मुलगी महाविद्यालयाच्या कार्यालयात जाते. कधी ती रक्कम बापाच्या उधारीत लिहिली जाते, कधी लिहिलीच जात नाही. देणारा आणि घेणारा वर्षभर समोरासमोर येतात, आठवडी बाजारात भेटतात, एकमेकांच्या घरचे लग्न-मयत जाणतात. दुरून येणाऱ्या देणगीत हे नसते. इथे लाज राखून देण्याची कला लागते. काही घरांत ती होती, काहींत नव्हती; उपकाराची आठवण गल्ल्यावर चारचौघांत करून देणारेही असतातच.

कायद्याच्या चौकटीत असे महाविद्यालय चालवणारी संस्था बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते. एकदा दिलेली जमीन घराण्याची राहत नाही. ती विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. विश्वस्त वारला किंवा बदलला की कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो, त्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’च म्हणतात. अनेक संस्थांचे भांडण याच कागदावर पेटते. देणगीदाराच्या नातवाला कार्यकारिणीत जागा हक्काने हवी असते, आजीव सभासदांना निवडणूक हवी असते. नाव दिले म्हणजे संस्था दिली, असा समज करून घेतलेल्या घरांनी आजोबांचे पुण्य पुष्कळ खर्ची घातले आहे. नेमणुकांत पैसा मागितला गेल्याच्या तक्रारीही या क्षेत्रात नव्या नाहीत. हे सगळे झाकून घराण्यांची स्तुती करणे म्हणजे ज्यांनी निर्मळपणे दिले त्यांच्यावरच अन्याय आहे.

कंपनी कायदा २०१३ ने आणलेला सामाजिक दायित्वाचा निधी या घरांना लागू होत नाही. तो मोठ्या कंपन्यांसाठी आहे, निव्वळ नफ्याची अट ५ कोटी रुपयांची. तालुक्याचे कापड दुकान तिथवर पोचत नाही. आयकरात देणगीवर सवलत मिळते, पण २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत आणि नवी करप्रणाली घेतली तर ती सवलत नाही. तरी देणारे देतात.

बदलले आहे ते दुकान. तयार कपडे, तालुक्यापर्यंत आलेली साखळी दुकाने आणि मोबाइलवरची खरेदी यांनी बाजारपेठेतली गिऱ्हाइकी खाल्ली. मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशात गेली. २००१ नंतर कायम विनाअनुदान तत्त्वावर, म्हणजे शासनाचे अनुदान कधीच न मागण्याच्या अटीवर, निघालेल्या अभ्यासक्रमांचा भार संस्थांवर पडला, आणि तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासाच्या हिशेबाने पैसे मिळणाऱ्या, प्राध्यापकांचे मानधन हा आजचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. बाहेर गेलेल्या पिढीची देणगी बहुधा आजीच्या नावाचे पारितोषिक, सुवर्णपदक किंवा शिष्यवृत्ती अशी येते, कायम निधीच्या व्याजावर चालणारी. व्याजदर उतरले की पारितोषिकाची रक्कमही उतरते, आणि मग स्नेहसंमेलनाच्या आधी प्राचार्य पुण्याला फोन लावतात. पलीकडे पुष्कळदा तोच नातू असतो, ज्याने लहानपणी सुट्टीत त्या दुकानात थान मोजले होते. उरलेली रक्कम तो संध्याकाळपर्यंत पाठवतो.