अफ्रोफ्युचरिझम की आफ्रिकनफ्युचरिझम? स्पेसशिप दिसलं की एकच लेबल लावून मोकळं होऊ नका

लेखक ब्लॅक आहे, पुस्तकात स्पेसशिप आहे, कव्हरवर जाड वेण्यांची मुलगी आणि तिच्यामागे एखादा ग्रह आहे, की झालं, लगेच 'अफ्रोफ्युचरिझम' चिकटवून सगळे मोकळे. पण ब्लॅक लेखकांच्या ह्या भविष्यकथांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक अफ्रोफ्युचरिझम आणि दुसरी आफ्रिकनफ्युचरिझम, नावं इतकी सारखी की दुसरं वाचताना टायपो वाटावा. आणि हा निव्वळ समीक्षकांचा कीस पाडण्याचा प्रकार नाहीये, कारण दुसरं नाव काढलंय ते खुद्द लिहिणाऱ्या बाईने, तिच्या पुस्तकांना सतत पहिलं लेबल लागत होतं म्हणून.

ती बाई म्हणजे नेडी ओकोराफोर. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये तिने स्वतःच व्याख्या लिहून टाकली, आणि ती वाचताना सगळ्यात पटकन कळतं ते तिने दिलेलं वाकांडाचं, म्हणजे 'ब्लॅक पँथर'मधल्या काल्पनिक आफ्रिकन देशाचं, उदाहरण. वाकांडाने बाहेरच्या जगातलं पहिलं केंद्र अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या ओकलंडमध्ये काढलं तर ते अफ्रोफ्युचरिझम, आणि तेच केंद्र शेजारच्या आफ्रिकन देशात काढलं तर आफ्रिकनफ्युचरिझम.

आता 2018 चा 'ब्लॅक पँथर' आठवा. सगळा झगमगाट आफ्रिकेतला, पण सिनेमा सुरुवातीलाच ओकलंडला जातो, शेवटाकडे वाकांडाचा राजा तिथेच इमारती विकत घेऊन केंद्र काढतो, आणि मधे सगळ्यात जास्त चटका लावून जातो तो किलमाँगर, अमेरिकेत वाढलेला, ज्याला घर नाकारलं गेलं असा पोरगा. मरताना तो जहाजातून समुद्रात उड्या टाकणाऱ्या आपल्या पूर्वजांची आठवण काढतो. म्हणजे लोकेशन आफ्रिका असलं तरी सिनेमाचं काळीज अमेरिकेत आहे. त्यात वाईट काही नाही, मला तो आवडतो, फक्त तो कुणाचं दुःख सांगतोय हे बघा.

अफ्रोफ्युचरिझम हे नाव तसं जुनं. 1993 मध्ये मार्क डेरी ह्या अमेरिकन समीक्षकाने (गोरा होता तो) ते वापरलं, सॅम्युएल डिलेनी, ग्रेग टेट आणि ट्रिशा रोझ ह्या ब्लॅक लेखक-अभ्यासकांच्या मुलाखतींच्या प्रस्तावनेत. त्याचा प्रश्न साधारण असा होता की ज्या लोकांचा भूतकाळ मुद्दाम पुसून टाकला गेला ते भविष्याची कल्पना करणार कशाच्या जोरावर? नाव नंतर आलं, लिहिणारे आधीपासून होतेच. डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस ह्या अमेरिकन ब्लॅक विचारवंताने 1920 मध्येच 'द कॉमेट' नावाची गोष्ट लिहिली होती (हो, तेच दु बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्र लिहिलं होतं). धूमकेतूमुळे न्यूयॉर्क ठार मरतं, बँकेच्या तळघरात पाठवलेला एक ब्लॅक निरोप्या वाचतो आणि एक श्रीमंत गोरी बाई वाचते, आणि काही तास रंगाचा प्रश्नच उरत नाही, मग कळतं की फक्त न्यूयॉर्क मेलंय, बाकीचं जग जागेवर आहे, बाईचे वडील येतात आणि त्यांच्याबरोबर ती जुनी शिवीसुद्धा परत येते. जग बुडालं तरी वर्णभेद बुडत नाही, आणि हे सगळं शंभर वर्षांपूर्वी लिहिलेलं.

ह्या धारेतलं एकच पुस्तक वाचायचं तर ऑक्टेव्हिया बटलरचं 'किंड्रेड', 1979 चं. 1976 मधली लॉस एंजलिसची डेना अचानक खेचली जाते ती थेट यादवी युद्धाआधीच्या मेरीलँडमधल्या गुलामांच्या मळ्यावर, आणि तिथे तिला एका गोऱ्या मालकाच्या पोराला पुन्हापुन्हा मरणातून वाचवावं लागतं, कारण तो तिचा पूर्वज आहे, तो मेला तर तिचा वंशच सुरू होणार नाही. शेवटी ती परत येते ते एक हात गमावून. टाइम ट्रॅव्हल कसं होतं, मशीन कुठलं, ह्याचं स्पष्टीकरण बटलर देतच नाही, आणि वाचताना आपल्यालाही त्याची गरज वाटत नाही.

अलीकडचं बघायचं तर रिव्हर्स सॉलोमन ह्यांचं 'द डीप', 2019 चं. गुलामांच्या जहाजांवरून गरोदर बायकांना समुद्रात फेकून दिलं जायचं, त्यांच्या पोटातली बाळं पाण्यात जगली आणि समुद्राच्या तळाशी त्यांची एक जमात झाली अशी कल्पना आहे. मूळ कल्पना ड्रेक्सिया ह्या डेट्रॉइटच्या टेक्नो जोडीची, नव्वदच्या दशकातली, मग 'क्लिपिंग' ह्या रॅप ग्रुपने त्यावर गाणं केलं आणि त्यावरून हे छोटंसं पुस्तक. ह्या जमातीने एक सोय करून ठेवलीये, सगळा भयंकर इतिहास एकाच व्यक्तीने आठवायचा आणि बाकीच्यांनी विसरून सुखात राहायचं. ते ओझं येटू नावाच्या मुलीवर आहे आणि ती त्याखाली अक्षरशः मोडत चाललीये. वर्षातून एकदा ती सगळ्यांना सगळं आठवून देते आणि पुन्हा परत घेते. वाचून झाल्यावर बराच वेळ दुसरं पुस्तक हातात घेववत नाही.

एन. के. जेमिसिनचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, 2016, 2017 आणि 2018 अशी सलग तीन वर्षं कादंबरीचा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथांचा मोठा पुरस्कार, तिला मिळाला, ज्या त्रयीला मिळाला तिच्यात आफ्रिकेचं नावसुद्धा नाही, सगळा खंडच काल्पनिक. पण भूकंप थांबवायची ताकद असलेल्या माणसांना तिथे पट्टा बांधल्यासारखं वापरतात, त्यांच्यासाठी वेगळी शिवी आहे, आणि एक आई आपलं पोर त्या व्यवस्थेच्या हाती लागू नये म्हणून काय करते ते वाचलं की हे कुठून आलंय ते वेगळं सांगावं लागत नाही.

तर अफ्रोफ्युचरिझमचं असं आहे. गोष्ट सुरू होण्याआधीच काहीतरी हिसकावून घेतलेलं असतं, अटलांटिक ओलांडताना, आणि भविष्याकडे बघताना ती रिकामी जागा सतत मधे येते.

आता दुसरीकडे या. ओकोराफोरची 'बिंटी', 2015 ची, शंभर पानांच्या आतबाहेर, ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही पुरस्कार मिळालेली. बिंटी हिंबा जमातीची, नामिबियातले हिंबा, जे अंगाला आणि केसांना लाल मातीचा लोण्यात कालवलेला लेप लावतात, ओट्जिझे म्हणतात त्याला. पोरगी गणितात भलती हुशार, दुसऱ्या ग्रहावरच्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालीये, घरचे जाऊ देणार नाहीत म्हणून पहाटे गुपचूप निघते. पोर्टवर लाइनीत उभी असताना मागून कुणीतरी तिची वेणी ओढतं आणि त्या लेपाबद्दल कुजबुज सुरू होते, घाण वगैरे. त्या वेण्या नुसत्या वेण्या नाहीत, त्यांच्या विणीत घराण्याचा इतिहास गणिती नक्षीने गुंफलेला आहे, ते मागच्यांना कुठून कळणार. पुढे जहाजावर परग्रहवासी हल्ला करतात, आणि का, तर त्यांच्या सरदाराची नांगी युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये मांडून ठेवलीये, ती त्यांना परत हवीये. लुटून नेऊन काचेत ठेवलेल्या वस्तू, आफ्रिकेतल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. आणि तोडगा निघतो तो बिंटीच्या त्या 'घाण' लेपातून आणि तिच्या बोलणी करायच्या हातोटीतून. नंतर तिला नव्या ग्रहावरची माती घेऊन पुन्हा लेप बनवावा लागतो, आणि तो काम करेल की नाही ही तिची काळजी वाचताना जी धाकधूक होते ती हल्ल्यापेक्षा जास्त.

ह्यात बिंटी काही हरवलेलं शोधत नाहीये. घर जिथल्या तिथे आहे, घरचे रागावलेत, परत गेल्यावर काय तोंड दाखवायचं हा तिचा प्रश्न. आणि अमेरिका? अमेरिकेचा ह्या सगळ्याशी संबंधच नाही.

टाडे थॉम्पसनच्या 'रोझवॉटर'मध्ये तर ही गोष्ट अजून ठसठशीत आहे. 2066 चा नायजेरिया, एका परग्रही घुमटाभोवती शहर उभं राहिलंय, घुमट वर्षातून एकदा उघडतो आणि आजारी लोक बरे होतात म्हणून तिथे जत्रा लोटते, कधीकधी बरं करण्याच्या नादात भलतंच काहीतरी होऊन बसतं. नायक कारो हा भुरटा चोर होता, आता सरकारी खात्यासाठी काम करतो आणि दिवसा एका बँकेत नोकरी, नोकरी काय तर इतरांबरोबर बसून जुनी अभिजात पुस्तकं वाचायची म्हणजे मन वाचणारे चोर आत घुसू शकत नाहीत. आणि अमेरिका ह्या जगात दार लावून बसलीये, तिच्याकडून काही बातमीच येत नाही, आणि कादंबरी त्यावर फारसा वेळही घालवत नाही. 2019 मध्ये आर्थर क्लार्क पुरस्कार मिळाला ह्याला, आणि लेखक महाशय इंग्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ आहेत.

ओकोराफोरच्याच 'लगून'मध्ये एलियन्स उतरतात ते न्यूयॉर्कला नाही तर नायजेरियातल्या लागोसच्या समुद्रात, सुरुवात चक्क एका तलवारमाशाच्या नजरेतून, जो तेलाच्या पाइपलाइनवर चिडलेला आहे, आणि पुढे एक हायवे आहे जो खरोखर माणसं गिळतो. मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्यांना हे फार काल्पनिक वाटणार नाही.

इथे एक घोळ नेहमी होतो. लोकांना वाटतं, अमेरिकन लेखक असला की अफ्रो आणि आफ्रिकेत राहणारा असला की आफ्रिकन, पासपोर्ट बघून ठरवायचं. मग ओकोराफोरचं काय करणार, ती तर 1974 मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला जन्मली, नायजेरियातल्या इग्बो आईबापांच्या पोटी, आणि थॉम्पसन लंडनला. लेखक कुठे जन्मला ह्यापेक्षा गोष्टीचे पाय कुठे रोवलेत, देव कुणाचे, शिव्या कुठल्या, कुणाच्या मान्यतेची वाट बघितली जात नाहीये, ते बघायचं. ओकोराफोरच्या व्याख्येत ब्लॅक डायस्पोराशी, म्हणजे आफ्रिकेबाहेर पांगलेल्या ब्लॅक लोकांशी, नातं तोडलेलंही नाही, रक्ताचं आणि इतिहासाचं नातं ती मान्य करते, फक्त केंद्र पश्चिमेकडे असायला नकार देते. आणि ती एकटी नाही, दक्षिण आफ्रिकेच्या मोहाले माशिगोने 2018 मध्ये आपल्या कथासंग्रहाच्या सुरुवातीलाच लिहिलं होतं की अफ्रोफ्युचरिझम हे आफ्रिकेत राहणाऱ्या आफ्रिकनांसाठी नाही.

आपल्या मराठी वाचकांचा गोंधळ जरा वेगळ्या कारणाने होतो असं मला वाटतं. ब्लॅक लोकांशी आपली ओळखच अमेरिकेतून झालीये. जोतीरावांनी 1873 ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी संपवणाऱ्या अमेरिकनांना, 1972 मध्ये दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथर्स ह्या अमेरिकन संघटनेचं नाव घेऊन, तेव्हा ब्लॅक साहित्य म्हटलं की आपण नकळत मळा, साखळदंड आणि बंड शोधायला लागतो. 'किंड्रेड' त्यामुळे आपल्याला लगेच भिडतं. आणि 'रोझवॉटर' वाचताना मात्र पन्नासाव्या पानावर प्रश्न पडतो की बाबा ह्यात अत्याचार कुठेय, हा तर बँकेत बसलाय आणि पोरीच्या मागे आहे. तर तेच. कारोला आपल्या अपेक्षेप्रमाणे दुःखी असण्याची सक्ती नाही.

काही पुस्तकं दोन्हीकडे हात ठेवून असतात हेही खरं, आणि काहींना ही विभागणीच खटकते, अफ्रोफ्युचरिझम आता एवढं पसरलंय की आफ्रिकाही त्यात येते असं ते म्हणतात. मला ते पटत नाही. घरमालकाने मन मोठं केलं म्हणून भाडेकरूने स्वतःचं घर बांधू नये असं थोडंच आहे. जादू, देवदेवता असलेल्या पुस्तकांसाठी ओकोराफोरने आफ्रिकनजुजूइझम असं तिसरंही नाव दिलंय, त्यात आत्ता शिरत नाही.

सुरुवात करायची असेल तर एका आठवड्यात 'द डीप' आणि 'बिंटी' पाठोपाठ वाचा, दोन्ही बारकी आहेत. वोले तलाबीने संपादित केलेला 'आफ्रिकनफ्युचरिझम' नावाचा कथासंग्रहही आहे, 2020 चा, नेटवर फुकट मिळतो. आणि दमदार वाचणारे असाल तर झांबियाच्या नामवाली सर्पेलचं जाडजूड 'द ओल्ड ड्रिफ्ट' घ्या. त्यात 1964 मध्ये माणूस चंद्रावर पाठवायला निघालेला झांबियाचा खराखुरा एडवर्ड मुकुका न्कोलोसो आहे, मधेमधे सूत्रधारासारखा बोलणारा डासांचा थवा आहे, आणि केसांचा धंदा करणारं एक भारतीय कुटुंबसुद्धा आहे, त्या भागाला आलात की मला सांगा.