मालिश करणारे हात: आखाड्यापासून स्पापर्यंतची पार्श्वभूमी

धरमपेठ, सदर, वर्धा रोड अशा कुठल्याही भागातून फिरा, स्पाच्या पाट्या दिसतातच. स्वीडिश, थाई, डीप टिश्यू, अरोमा, शिरोधारा, केरळी पंचकर्म. याच नागपुरात महाल-इतवारीच्या जुन्या वाड्यांपासून मनीषनगरच्या फ्लॅटपर्यंत मालिशवाली मावशी रोज सकाळी बाळंतिणीच्या घरी हजर असते. तिची पाटी कुठेच नसते. तिचं नाव एका घरातून दुसऱ्या घरात तोंडी जातं. मालिशीचा इतिहास वाचत गेलं की एक गोष्ट सारखी पुढे येते: या विद्येची गरज सगळ्यांना होती, पण ती ज्यांच्या हातात होती त्यांना मान मिळेलच याची खात्री नव्हती. जिथे तो मिळाला, तिथे त्यामागे बहुतेक वेळा पद्धतशीर शिक्षण होतं.

आपल्याकडची एक जुनी नोंद आयुर्वेदाची. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोजच्या दिनचर्येतच अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावून मालिश, आहे, आजारी पडल्यावरचा उपाय म्हणून नाही. तेल मुरलेला घडा, तेल चोळलेलं चामडं आणि वंगण दिलेला गाडीचा आस जसा टिकाऊ होतो, तसं शरीर अभ्यंगाने कष्ट सोसणारं होतं, असं तिथे म्हटलं आहे. वायूचं मुख्य ठाणं स्पर्शेंद्रियात आणि स्पर्शेंद्रिय त्वचेत, म्हणून त्वचेला तेल, हा त्यामागचा तर्क. वाग्भटाने अष्टांगहृदयात तेच थोडक्यात सांगितलं: अभ्यंग रोज करावा, तो म्हातारपण, थकवा आणि वात दूर ठेवतो, डोकं, कान आणि पाय यांना विशेष करावा. कोणी करू नये हेही त्याने लगेच पुढे सांगितलं आहे. कफाने ग्रासलेला, नुकतंच शोधन (उलटी-जुलाबाने शरीरशुद्धी) झालेला आणि अजीर्ण झालेला, या तिघांना त्याने मनाई केली. सगळ्यांना सगळंच चालतं असं जुन्या वैद्यांनी कधी म्हटलं नाही, आणि मला त्यांची ही बाजू सर्वांत मोलाची वाटते.

तेल लावून हलक्या-जड हाताने करायचं ते अभ्यंग, जोर लावून करायचं ते मर्दन, हळुवार चेपायचं ते संवाहन, कोरडं चूर्ण घासायचं ते उद्वर्तन. दिवाळीत नरक चतुर्दशीला तेल लावून मग उटण्याने घासतो, तेव्हा अभ्यंग आणि उद्वर्तन दोन्ही होतात. वर्षातून एकदाच का होईना, हा आयुर्वेद घराघरात टिकून आहे.

विदर्भात याची खूण तेराव्या शतकातही सापडते. रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं स्थान आपल्या अमरावती जिल्ह्यातलं. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या मर्दनेचे उल्लेख सहज येतात. भक्ताने केलेली ती सेवाच. तेलं मात्र जमिनीप्रमाणे बदलत गेली. काळ्या मातीच्या पट्ट्यात तीळ आणि जवस. गोंदिया-गडचिरोलीकडे जंगल लागलं की मोहाच्या बियांचं तेल, जे थंडीत गोठून तुपासारखं होतं आणि हातावर घेताच वितळतं. खाज-खरजेला करंजाचं तेल.

नागपूरच्या उन्हाळ्याने या परंपरेत स्वतःची भर घातली. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की जुन्या घरांत रात्री काशाची वाटी निघते. तळपायाला तूप किंवा खोबरेल लावायचं आणि वाटीच्या बुडाने गोल गोल घासायचं. पाचेक मिनिटांत तळवा काळपट होतो आणि घरातली आजी समाधानाने म्हणते, "पाह्य, किती गरमी निघाली!" तो काळेपणा उष्णतेचा नसतो. काशात तांबं असतं. तेल-तुपाशी आणि घामाशी त्याचा संयोग होऊन तो रंग येतो. मात्र वाटीखाली डोळे मिटू लागतात हे कोणीही अनुभवून पाहावं. दिवसभर चपलेत भाजलेल्या पायांना अर्धा तास कोणीतरी हात लावतं, याचाच तो गुण. डोकं आणि तळपाय यांना वाग्भटाने उगाच वेगळं काढलेलं नाही.

दुसरी शाळा आखाड्याची. पहाटे जोर-बैठका, मातीत कसरत, मग एकमेकांचं अंग रगडणं. वस्तादाच्या देखरेखीत पोरगं आधी मालिश करायला शिकायचं, डाव नंतर. कोणता स्नायू कुठून निघतो आणि कुठे बसतो हे त्याला पुस्तकाविना कळायचं. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. व्यायामविद्येला शाळेचं रूप मिळालं. तिच्यासोबत वाढलेल्या मालिशीला ते फारसं मिळालं नाही. पैलवानांचं ज्ञान गल्लीतल्या हाड बसवणाऱ्यापर्यंत आणि सलूनमधल्या चंपीपर्यंत झिरपलं आणि तिथेच थांबलं.

ही चंपी मात्र सातासमुद्रापार पोचली. पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेल्या शेख दीन मोहम्मद यांनी इंग्लंडच्या ब्रायटन गावात वाफेचं स्नान आणि तेल-चंपी सुरू केली. ती इतकी नावाजली की चौथ्या जॉर्ज राजाने आणि पुढे चौथ्या विल्यमनेही त्यांना राजवैद्यासारखं पद दिलं. शाम्पू हा शब्दही याच वाटेने इंग्रजीत रुळला.

पाटीवरच्या 'स्वीडिश'ची गोष्ट वेगळी. स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामसंस्था काढली, म्हणून श्रेय त्यांना दिलं जातं. त्यांचा भर व्यायामावर होता. हात फिरवणं, मळणं, घासणं आणि थापटणं अशी आज शिकवली जाणारी वर्गवारी डच डॉक्टर योहान मेझगर यांच्या नावावर आहे. मालिशवाली मावशी हे सगळं करते, फक्त त्याला नावं देत नाही. डीप टिश्यू म्हणजे त्याच्याही खालच्या थरात, स्नायूच्या गाठीवर आणि आवरणावर सावकाश दाब. त्यात थोडं दुखतं. पण श्वास रोखावा लागला तर दाब जास्त झाला, असं समजावं.

मानाच्या इतिहासात १८९४ हे वर्ष मी सर्वांत महत्त्वाचं मानतो. लंडनमध्ये तेव्हा मालिशीच्या नावाखाली भलते धंदे चालत आणि ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने त्यावर जाहीरपणे लिहिलं. खऱ्या मालिश करणाऱ्या नर्सनाही लोक संशयाने पाहू लागले. चार नर्सनी त्यावर निषेधपत्रक काढलं नाही, संस्था काढली. परीक्षा ठेवली. डॉक्टरच्या सांगण्याशिवाय उपचार करायचा नाही आणि सर्वसाधारण वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची नाही, असे कडक नियम घातले. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांवर शिकलेल्या हातांची इतकी गरज पडली की त्यांच्याबद्दल शंकाच उरली नाही. १९२० मध्ये संस्थेला राजाची सनद मिळाली आणि तीच आज ब्रिटनमधली फिजिओथेरपिस्टांची अधिकृत संस्था आहे. आपल्या मेडिकलमधल्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या, फिजिओथेरपी विभागात गुडघा धरून बसलेल्या रुग्णाला कदाचित हे ठाऊक नसेल, पण त्या खोलीची वंशावळ या चौघींपर्यंत जाते. नागपुरातही स्पावर धाडी पडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या मुलींना ओळखीच्यांपासून आपली नोकरी लपवावी लागते. लंडनमधल्या त्या नर्सचा प्रश्न हाच होता.

जपानमध्ये वेगळी वाट सापडली. सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्याने अंधांसाठी सुईचिकित्सा आणि मालिशीच्या शाळा काढल्या. 'अन्मा' मालिश हा पिढ्यान्‌पिढ्या अंधांचा सन्मानाचा व्यवसाय झाला आणि १९४७ पासून तिथे त्याला कायदेशीर परवाना आहे. शिआत्सु, म्हणजे अंगठ्याने ठरावीक जागी दाब देणं, ही त्यातूनच पुढे आलेली शाखा.

थाई मालिशीचं नातं तर नागपूरकरांना जवळचं वाटावं. तिथले जाणकार मालिशीपूर्वी हात जोडून जीवकाचं स्मरण करतात. हा जीवक म्हणजे तक्षशिलेत शिकलेला, राजगृहाचा, बिंबिसाराचा आणि भगवान बुद्धांचा वैद्य. दीक्षाभूमीच्या शहरात जीवकाची कथा नव्याने सांगायला नको. मालिश त्यानेच शोधली याला ऐतिहासिक पुरावा नाही, ती थायलंडची श्रद्धा आहे. बँकॉकच्या वाट फो विहारात एकोणिसाव्या शतकात थायलंडचा राजा तिसरा राम याने शरीरातल्या वाहिन्यांच्या आकृत्या दगडावर कोरून घेतल्या, जेणेकरून ही विद्या कोणालाही भिंतीवरून शिकता यावी. २०१९ मध्ये युनेस्कोने 'नुआद थाई'ला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. अंगावर सैल कपडे ठेवून, तेलाविना, दाब आणि ताण देत केली जाणारी ही मालिश आखडलेल्या कंबर-मांड्यांना चांगली.

विदर्भातलं एक उदाहरण यांच्याच ओळीत बसतं. सेवाग्रामला १९३९ मध्ये परचुरे शास्त्री आले. संस्कृतचे पंडित, अंगावर कुष्ठरोग. लोक सावलीही टाळत त्या काळात गांधीजी स्वतः रोज त्यांच्या अंगाला मालिश करत. आश्रमात त्यांची कुटी आजही आहे. तेलाने कुष्ठरोग बरा होत नाही, पुढे औषधांनी तो बरा होऊ लागला. पण बधिर, कोरड्या पडलेल्या हातापायांना पाण्यात भिजवून तेल चोळणं हा आजही कुष्ठरुग्णांना शिकवल्या जाणाऱ्या स्वतःच्या देखभालीचा भाग आहे. आणि ज्याला कोणी शिवत नाही त्याला शिवणं हे केवळ त्वचेपुरतं औषध नव्हतं.

स्पर्शाने मन का निवतं, याचं उत्तर विज्ञानाने अलीकडे शोधलं. केसाळ त्वचेत काही सावकाश चालणाऱ्या मज्जातंतू असतात. साधारण सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या उबदार हाताला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात आणि त्यांचा निरोप मेंदूच्या भावनेशी निगडित भागात जातो. आई लेकराच्या पाठीवर हात फिरवते तो वेग जवळपास हाच. २०११ मध्ये अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या ४०१ रुग्णांवर अभ्यास झाला. आरामदायी आणि स्नायूंवर नेमका दाब देणारी, दोन्ही मालिशींनी दहा आठवड्यांत नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त आराम दिला. वर्षभराने मात्र तो फरक जवळपास ओसरला. म्हणजे उपयोग आहे, पण कंबर कायमची बरी करतो असं कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नये. मालिशीने शरीरातली विषं बाहेर पडतात, या दाव्यालाही आधार नाही. तो भार यकृत आणि मूत्रपिंड उचलतात.

काही गोष्टी स्पष्टच सांगायला हव्यात. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दुखते, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे मालिश करायची नाही, डॉक्टरकडे जायचं. ताप, ताजं फ्रॅक्चर, चिघळलेली जखम असेल तरी नाही. आणि सलूनमध्ये दाढीनंतर मान कडकन मोडून घेण्याची सवय आजच सोडावी. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या मानेतून जातात आणि अशा झटक्याने त्या फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत.

शेवटी मावशीकडे येऊ. ती पाटावर पाय लांब करून बसते, बाळाला पिंडऱ्यांच्या मधल्या खळगीत निजवते, तेल आधी स्वतःच्या तळव्यावर चोळून कोमट करते. छातीवरून खांद्याकडे, पोटावर गोल, मग हात-पायांची आडवी-तिरपी घडी. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ लेबोयर यांनी कोलकात्यात एका आईला असंच करताना पाहिलं आणि १९७६ मध्ये त्यावर पुस्तक काढून युरोपला बाळाची मालिश शिकवली. अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी १९८६ मध्ये दाखवून दिलं की कमी दिवसांच्या बाळांना रोज तीनदा १५ मिनिटं मालिश केली तर ती दररोज ४७ टक्के जास्त वजन घेतात आणि सहा दिवस आधी घरी जातात. आपल्या आज्यांना हे आधीच ठाऊक होतं, पण त्यांच्या रीतीतलं सगळंच बरोबर नव्हतं. नाकात तेल सोडलं की ते फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. कानातही तेल नको, टाळूवर दाब नको, बंद खोलीत शेगडीचा धूर नको. हे मावशीला दटावून नाही, बसवून, सन्मानाने शिकवायला हवं.

शिकवलं तर काय होतं, हे गडचिरोलीने जगाला दाखवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत साध्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी शिकवली आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला. त्याच धर्तीवर आज आशा ताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा वेळा घरी भेट देतात. मालिशवाली मावशी सव्वा महिना रोज येते आणि बाळाचं उघडं अंग रोज तिच्या हाताखाली असतं. दूध ओढणं मंदावलं, अंग गार लागतं, छाती आत ओढली जाते, पिवळेपणा तळपायापर्यंत उतरला, नाळेला पू आला, हे तिला सर्वांत आधी दिसू शकतं. नागपुरात तिला हे कोणी शिकवायला घेतलं, तर शिकायला ती नाही म्हणणार नाही.