म्हातारपणाचे गणित मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ

लंडनचे विमागणितज्ञ बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ साली मृत्यूच्या नोंदींवरून एक नियम मांडला. तारुण्य ओसरू लागले की मृत्यूची शक्यता ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जाते. माणसात हा काळ साधारण ८ वर्षांचा आहे. नियम अचूक होता. शरीरात असे काय घडते की तो पाळला जावा, हे मात्र उलगडत नव्हते.

इस्रायलमधील रेहोवोत येथील वाइझमन संस्थेचे उरी अलोन या प्रश्नाकडे बऱ्याच वळणांनी आले. जन्म १९६९चा, पीएच.डी. भौतिकशास्त्रातील. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात जीवभौतिकशास्त्रज्ञ स्टॅनिस्लास लायब्लर यांच्याकडे असताना ते ई. कोलाय जीवाणूंवर काम करू लागले. अन्नाच्या दिशेने पोहणाऱ्या या जीवाणूतील काही प्रथिनांचे प्रमाण अनेक पटींनी बदलले, तरी बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची त्याची अचूकता टिकून राहते, हे त्यांनी सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये दाखवले. पुढे २००२ मध्ये त्यांच्या गटाने एकमेकांना चालू-बंद करणाऱ्या जनुकांच्या जाळ्यात मोजक्याच रचना पुन्हा पुन्हा आढळतात हे सिद्ध केले आणि सजीवातील घटक एकत्रितपणे कसे काम करतात हे पाहणाऱ्या सिस्टिम्स बायोलॉजी या शाखेला तिची एक प्रमुख दिशा मिळाली. संशोधनात वाट हरवल्यासारखे वाटणे हा कामाचाच भाग आहे, असे ते विद्यार्थ्यांना उघडपणे सांगतात. विज्ञानाच्या शिक्षणात हे फारच क्वचित कानावर पडते, म्हणून मला ते मोलाचे वाटते.

वार्धक्याविषयीचा त्यांच्या गटाचा महत्त्वाचा शोधनिबंध २०१९चा. इजा झालेल्या काही पेशी विभाजन थांबवतात, पण मरत नाहीत. त्या दाह वाढवणारी रसायने सोडत राहतात आणि रोगप्रतिकारक पेशी त्यांना हटवतात. अशा पेशींत चमक निर्माण होईल असा जनुकीय बदल केलेल्या उंदरांच्या, इतरांनी आधीच नोंदवलेल्या मोजमापांचा या गटाने गणिती अभ्यास केला. मग तरुण आणि वृद्ध उंदरांच्या फुफ्फुसांत ब्लिओमायसिन हे औषध देऊन तशा पेशी मुद्दाम निर्माण केल्या. तरुण उंदरांत त्यांची संख्या काही दिवसांतच निम्मी झाली, तर वृद्ध उंदरांत त्यासाठी कित्येक आठवडे लागले.

कारण असे, की वयाबरोबर या पेशींची निर्मिती सरळ रेषेत वाढते, पण त्यांना हटवणारी यंत्रणा वाढत नाही. घंटागाड्या तेवढ्याच आणि कचरा दरवर्षी जास्त, अशा गावात एखाद्या सणाचा ढीग उचलायलाही महिना लागतो. हटवण्याची क्षमता संपत आली की लहानसा चढउतारही दीर्घकाळ टिकतो, आणि पेशींची संख्या एका मर्यादेपलीकडे जाणे म्हणजे मृत्यू असे धरले, तर समीकरणांतून गॉम्पर्ट्झचा नियमच बाहेर पडतो. निर्मिती सरळ रेषेत वाढत असताना मृत्यूचा धोका मात्र दुपटीने का वाढावा, याचे इतके नेटके उत्तर मी अन्यत्र पाहिलेले नाही.

अर्थात, वार्धक्यात इतरही बिघाड होतात आणि या पेशी हेच एकमेव कारण आहे, असे हे गणित सिद्ध करत नाही. समीकरणांना हवा आहे तो फक्त साचत जाणारा आणि हटवण्यास कठीण होत जाणारा एखादा बिघाड. मात्र अशा पेशी औषधाने काढून टाकल्यास उंदरांचे निरोगी आयुष्य वाढते, हे अन्य प्रयोगशाळांत दिसले आहे, आणि या पेशींवरील संशयाला त्यामुळेच बळ मिळाले आहे.