वेगळे राहताना पोटगी : जोडीदाराची आणि मुलांची

आमच्याकडे येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो रकमेचा. किती मिळेल, किंवा किती द्यावी लागेल. त्याआधी आम्ही एक गोष्ट समजावून सांगतो : जोडीदाराची पोटगी वेगळी आणि मुलांची वेगळी. अर्ज एकच असला, पैसे एकाच खात्यात जमा होत असले, तरी हक्क दोन आहेत. नवरा-बायकोच्या भांडणात चूक कोणाची, याचा परिणाम पहिल्या हक्कावर होऊ शकतो. दुसऱ्यावर नाही.

मुलांचा खर्च हा मुलांचा हक्क आहे. ‘मला काही नको, मुलांचंही माझं मी बघेन’ असं आईने वैतागून लिहून दिलं, तरी मुलांचा हक्क संपत नाही. मुलांना भेटू देत नाहीत म्हणून पैसे थांबवणं चूक, आणि पैसे आले नाहीत म्हणून भेट नाकारणंही तेवढंच चूक. भेटीसाठी वेगळा अर्ज करता येतो. आई कमावती असेल तर मुलांच्या खर्चात तिचाही वाटा धरला जातो, दोघांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात.

अर्ज कोणत्या कायद्याखाली?

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ लागू आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ ते हेच. नोटिशीवर ‘१४४’ वाचून काही जण घाबरतात, कारण जमावबंदीचं जुनं कलमही १४४ होतं. त्याचा इथे संबंध नाही. हे कलम सर्व धर्मांच्या लोकांना लागू होतं. स्वतःचा निर्वाह करू न शकणारी पत्नी, घटस्फोटानंतर पुनर्विवाह न केलेली पत्नी आणि अज्ञान (१८ वर्षांखालील) मुलं यांना त्याखाली पोटगी मागता येते. मूल विवाहाबाहेर जन्मलेलं असलं तरी फरक पडत नाही. पत्नी सध्या राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करू शकते.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ खाली मात्र पतीलाही पोटगी मागता येते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही खर्च मिळतो. हिंदू मुलगी सज्ञान झाली पण अविवाहित आहे आणि स्वतःचा निर्वाह करू शकत नाही, तर १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याखाली तिला हक्क आहे. एकाहून जास्त कायद्यांखाली अर्ज चालू असतील तर आधीचा आदेश लपवू नका. न्यायालय रकमा एकमेकींत जमेस धरतं, आणि लपवालपवी उघड झाली की तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरचा विश्वासही जातो.

एक सापळा लक्षात ठेवा. दोघांनी राजीखुशीने वेगळं राहायचं ठरवलं असेल, तर कलम १४४ खाली पत्नीला पोटगी मिळत नाही. त्यामुळे घरच्या बैठकीत समोर आलेल्या कागदावर सही करण्याआधी तो आम्हाला दाखवा.

रक्कम कशी ठरते?

‘पगाराच्या पंचवीस टक्के’ हे तुम्ही ऐकलं असेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालात तो आकडा आहे, पण तो सरसकट नियम नाही. दोघांचं उत्पन्न, गरजा, आधीचं राहणीमान, मुलांचं शिक्षण, आजारपण, देणाऱ्यावरच्या इतर जबाबदाऱ्या हे सगळं पाहिलं जातं. पत्नी नोकरी करते एवढ्यावरून तिचा अर्ज फेटाळला जात नाही. धडधाकट माणसाला ‘सध्या काम नाही’ एवढं सांगून सुटता येत नाही.

४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च यांचं शपथपत्र द्यावं लागतं. आमच्या अनुभवात प्रकरण इथेच उभं राहतं किंवा कोसळतं. एका आईने मुलाच्या दम्याच्या औषधांची प्रत्येक पावती तारखेनुसार वहीत चिकटवून आणली होती. त्या खर्चावर समोरच्या वकिलांनी एकही प्रश्न विचारला नाही. उलट एका वडिलांनी चौदा महिने शाळेच्या फाटकापाशी पत्नीच्या हातात रोख पैसे दिले होते. थकबाकीचा अर्ज आला तेव्हा त्यांच्याकडे दाखवायला चिठ्ठीसुद्धा नव्हती. पैसे त्यांनी खरोखर दिले होते, असं आम्हाला आजही वाटतं. म्हणून कळकळीने सांगतो : पैसे बँकेतूनच द्या आणि ‘मुलांचा खर्च, अमुक महिना’ अशी नोंद करा.

अंतरिम पोटगीचा, म्हणजे प्रकरण चालू असतानाच्या पोटगीचा, अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. पण त्याच २०२० च्या निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, त्यामुळे अर्ज लवकर दाखल करण्याला अर्थ आहे.

थकली तर?

वसुलीसाठी वॉरंट निघू शकतं, आणि तरीही रक्कम न भरल्यास प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही. कलम १४४ खालच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो, तेव्हा ‘आज ना उद्या देतील’ म्हणत थांबू नका. नोकरी गेली, आजार आला, मुलांची फी वाढली, तर रक्कम बदलून मागता येते. ती स्वतःच्या मनाने कमी करू नका.

फी परवडत नसेल तर संकोच न करता सांगा. महिलांना आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तिथे अर्ज कसा करायचा हे आम्ही विनामूल्य सांगतो.

पहिल्या भेटीला येताना विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, एक वर्षाचं बँक पासबुक, पगारपत्रक किंवा आयकर विवरणपत्र आणि फीच्या पावत्या आणा. समोरच्याच्या उत्पन्नाचा कागद हाती नसला तरी या. ते कुठे काम करतात एवढं माहीत असलं तरी सुरुवात करता येते.