जिनिंगच्या जागेवर फ्लॅट बांधण्याआधी

1900 साली मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली आणि मराठवाड्यात स्टेशनांच्या आसपास कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या जिनिंग-प्रेसिंग आणि सरकीच्या तेलगिरण्या उभ्या राहू लागल्या. तेव्हा गावाबाहेर असलेल्या अशा कितीतरी जागा आता भर शहरात आल्या आहेत. गिरणी बंद पडून वर्षं झालेली, गंजलेली शेड, माजलेली वेडी बाभूळ आणि स्टेशनपासून चालत जाता येईल अशी मोक्याची जमीन. तिथे अपार्टमेंटचा प्रस्ताव येणारच, आणि तो यावा असं मला मनापासून वाटतं. रस्ता, नळ, ड्रेनेज, शाळा सगळं जवळ असतं. शहर बाहेरच्या बाजूला पसरलं की पहिला घास पिकत्या रानाचा जातो. इथे बांधलं तर ते रान तरी वाचेल. फक्त पाया खोदण्याआधी जमिनीत काय मुरलं आहे, ते तपासून घ्यायला हवं.

‘सॉईल टेस्ट झाली आहे’ असं बिल्डर सांगतो तेव्हा तो खरंच सांगत असतो. पण ती चाचणी वेगळी. त्यात कठीण खडक किती खोलीवर लागतो, जमीन किती भार पेलेल, काळी माती भिजल्यावर किती फुगेल, एवढंच पाहतात. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्याकडची माणसं कॉलम, लोखंड, पाया याविषयी नेमके प्रश्न विचारू लागली, हे मोलाचंच आहे. मात्र त्या अहवालात शिसं, क्रोमियम किंवा तेलाचा अंश शोधलेलाच नसतो. त्यासाठी नमुने वेगळ्या पद्धतीनं घ्यावे लागतात आणि तपासणीही रासायनिक लागते.

जुन्या कारखान्याच्या आवारात काय सापडू शकतं? बॉयलरच्या कोळशाची राख, आणि तिच्यात आर्सेनिकसारखी मूलद्रव्यं. डिझेलच्या टाकीखाली झिरपलेलं तेल. जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल. फुटलेल्या अ‍ॅस्बेस्टॉस पत्र्यांचा चुरा. वनस्पती तूप बनत असेल तर निकेल, कारण तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेत ते उत्प्रेरक म्हणून वापरतात. कापड रंगवलं जात असेल तर क्रोमियम. म्हणून पहिलं काम प्रयोगशाळेबाहेरचं आहे: जुना नकाशा काढायचा आणि तिथे राबलेल्या एखाद्या म्हाताऱ्या कामगाराला आवारात फिरवायचं. बॉयलर कुठे होता, राख कुठे टाकायचे, सांडपाणी कोणत्या बाजूनं जायचं, हे तो बोटानं दाखवेल. खर्च जवळपास नाही, आणि नमुने नेमके कुठे घ्यायचे ते यातूनच ठरतं.

पुढचा भाग खास आपल्या मातीचा. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. त्याचे अतिसूक्ष्म थर पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. शिसं, निकेल यांचे कण धन भाराचे, त्यामुळे ते या पानांना चिकटून बहुतेक जमिनीच्या वरच्याच भागात राहतात. क्रोमियमचं विषारी रूप, म्हणजे सहा-संयुजी क्रोमियम, मात्र पाण्यात ऋण भाराच्या रूपात वावरतं. काळी माती त्याला धरून ठेवत नाही. ते पाण्याबरोबर खाली निघून जातं. त्यात उन्हाळ्यात हीच माती आटून भेगाळते, आणि मृगाचा पहिला जोरदार पाऊस भेगांतून वरची घाण थेट मुरुमापर्यंत पोचवतो. मातीचं गाळण्याचं काम तेवढ्या वेळापुरतं बंदच असतं.

मुरुमाखाली सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट, म्हणजे काळा खडक, आहे. त्यात पाणी वाळूतल्यासारखं सारखं पसरत नाही, ते फटी आणि सांधे धरून वाहतं. एका बोअरचं पाणी स्वच्छ निघालं म्हणून शेजारच्या बोअरचंही निघेल, याची खात्री इथे कुणी देऊ नये. टँकर आणि बोअरवर उन्हाळा काढणाऱ्या सोसायटीसाठी हा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो.

धोका अंगात शिरतो तो तीन वाटांनी: बोअरचं पाणी, खेळणाऱ्या मुलांच्या हाता-तोंडाला लागणारी धूळ आणि जमिनीतून तळघराच्या पार्किंगमध्ये येणारी तेलाची वाफ. शिशाची तर कोणतीच पातळी सुरक्षित म्हणून माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते मुलांच्या वाढत्या मेंदूवर परिणाम करतं.

उपाय आहेत आणि ते रुळलेले आहेत. तेलकट माती ढीग लावून, हवा-पाणी देऊन जिवाणूंकडून साफ करून घेता येते. फेरस सल्फेट घालून सहा-संयुजी क्रोमियम कमी घातक रूपात आणता येतं. स्लॅबखाली वाफरोधक पडदा आणि वर छतापर्यंत जाणारे पाइप टाकले की वाफ बाहेर निघून जाते. पर्जन्य जलपुनर्भरणाचा शोषखड्डा मात्र विचार करूनच घ्यावा. एरवी पुण्याचं असलेलं हे काम दूषित भरावात केलं, तर आपणच विष धुऊन भूजलात सोडतो. छताचं पाणी टाकीत साठवावं, किंवा स्वच्छ ठरलेल्या कोपऱ्यात मुरवावं.

कायद्याकडून इथे आपोआप पहारा मिळेल असं समजू नये. पर्यावरण मंजुरी लागते ती 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला. आपल्याकडच्या पुष्कळशा इमारती त्याहून लहान असतात. 2025 मध्ये केंद्रानं दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम केले आहेत, पण जागा दूषित असल्याचा संशय आधी कुणीतरी कागदावर मांडावा लागतो. म्हणून जमिनीची रासायनिक तपासणी झाली का, हा प्रश्न फ्लॅट बुक करणाऱ्यांनी आणि शेजाऱ्यांनी प्रस्तावाच्या वेळीच विचारावा.

विचारताना खोदलेल्या मातीचंही विचारावं. तळघरातून निघालेली माती हायवा डंपर भरून दुसऱ्या प्लॉटवर, रस्त्याच्या कडेला भराव म्हणून सर्रास टाकली जाते. तपासणीत ती घातक ठरली, तर तिची जागा रांजणगाव किंवा तळोजा इथल्यासारख्या घातक कचरा प्रक्रिया केंद्रात आहे. म्हणून प्रत्येक गाडी कुठे रिकामी झाली, त्याची नोंद करारातच मागायला हवी.